आमच्या गाडीचं नाव वावटळ

गेल्या वर्षभरात मी एकच काम स्वतःच्या मनाने काढलं. त्या कामाने मला एक नोटीस दिली, दोन खिडक्या फिरवल्या आणि ज्या सहीपासून मी चौदा महिने पळत होतो तिच्यासमोर नेऊन उभं केलं. काम काय, तर गाडीच्या मागे चार अक्षरं चिकटवायची. बस.

गाडी आमच्या हिची. ही गेली त्याला चौदा महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत फ्लॅट माझ्या नावावर झाला, गॅस झाला, फोन झाला. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी तिच्या नावावर आडवी रेघ मारली आणि मला म्हणालं, "इथे सही करा." मी केली. गाडी तेवढी राहिली होती. गाडीच्या कागदावर मालक म्हणून अजून तिचंच नाव होतं, आणि ते तसंच राहावं एवढंच माझं म्हणणं होतं. यात कुणाचं काय जात होतं?

मुलगी दर रविवारी यायची, गाडी एक चक्कर फिरवून आणायची आणि किल्ली टेबलावर ठेवत म्हणायची, "बाबा, गाडीचे कागद करून घ्या." मी म्हणायचो, "बघू." मला गाडी चालवता येत नाही. मी शेजारच्या सीटवर बसणारा माणूस. गाडी चालवायची ती हीच.

आता नावांचं सांगतो, नाहीतर मी गाडीला अक्षरं का लावली ते कळायचं नाही.

ही एका प्रयोगशाळेत होती. घरोघर जाऊन आजारी माणसांचं रक्त घ्यायचं आणि ते खराब व्हायच्या आत प्रयोगशाळेत आणून द्यायचं, हे तिचं काम. त्या प्रयोगशाळेत बाहेर बसणाऱ्या लोकांसाठी गाड्यांची मासिकं ठेवलेली असत. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसाला स्पोर्ट्स कारचे फोटो दाखवून काय साधतं ते मला आजवर समजलेलं नाही. ती मासिकं नेमाने वाचणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे रक्त घेणारी. तिला त्या गाड्यांच्या वेगाचं काही नव्हतं. नावांचं होतं. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या रजिस्टरमध्ये तिने रकाने आखले होते: नाव, देश, अर्थ, शेरा. असं एकेक नाव शोधून तिने साठ-सत्तर नावं जमवली होती.

ते रजिस्टर मी तिच्या माघारी पहिल्यांदा नीट वाचलं. या स्पोर्ट्स कारवाल्यांना काही धरबंध नाही. दिआब्लो म्हणजे सैतान. तिचा शेरा: "घेणाऱ्याची आई काही बोलली नाही का?" मुर्सिएलागो म्हणजे वटवाघूळ, आणि ते मुळात एका झुंजीच्या वळूचं नाव. व्हायपर म्हणजे घोणशीसारखा विषारी साप. स्टिंगरे म्हणजे शेपटीत काटा असलेला पाकट मासा. केमन म्हणजे मगरीची एक जात. टेस्टारोसा म्हणजे लाल डोकं, कारण तिच्या इंजिनाचं झाकण लाल रंगवलेलं असे. इथे शेरा: "आपले सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी केसांचा रंग बदलावा." क्वात्रोपोर्ते असं एक भारदस्त नाव आहे, ऐकून माणसाने उठून उभं राहावं असं. त्याचा अर्थ चार दरवाजे. शेरा: "मग आपली पण."

कुन्ताच म्हणून एक आहे. तो इटलीतल्या एका भागातल्या बोलीतला उद्गार आहे. काहीतरी थक्क करणारं दिसलं की तिथली माणसं असं म्हणतात. आपल्याकडे अबब म्हणतो तसं. त्यापुढे तिने लिहिलं होतं, "ह्यांनी मला पाहून असं काही म्हटल्याचं आठवत नाही."

त्या पानावर मी तीन दिवस अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी मी मुलीला फोन करून विचारलं, "मी तुझ्या आईला कधी अबब म्हणालो होतो का गं?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

आमच्या गाडीच्या मागे कंपनीने लावलेलं नाव होतं, ते अक्षर अक्षर करत गळून पडलं होतं. शेवटचं अक्षर पडलं तेव्हा ही म्हणाली होती, "बरं झालं. आता आपण आपलं ठेवू." पण ठेवायचं राहून गेलं. आधी तिला सवड नव्हती, मग तब्येत नव्हती. रजिस्टरमध्ये एलिस म्हणून एक गाडी आहे, ती कंपनीच्या प्रमुखाने नातीच्या नावावरून ठेवली. तिथे तिने स्पष्ट सूचना लिहून ठेवली होती: "माझं नाव गाडीला लावू नये. मागचे लोक हॉर्न मारतील." त्यामुळे तो रस्ता बंद.

एका रविवारी मी मुलीसमोर रजिस्टर उघडलं.

"आपल्या गाडीला नाव ठेवायचंय."

"ठेवा की."

"सैतान?"

"बाबा."

"घोणस?"

"बाबा, त्या गाडीत मी बसते."

"मग वारा. वाऱ्यांची नावं पुष्कळ आहेत. गिब्ली, खमसीन, बोरा. खमसीन म्हणजे पन्नास. तो वाळवंटातला गरम वारा पन्नास दिवस वाहतो असं म्हणतात."

"मग झुळूक ठेवा. छान आहे."

मी हसलो. झुळूक! या मुलीने आईच्या शेजारी बसून कधी चौक ओलांडला नव्हता की काय? मागच्या सीटवर बर्फाच्या डब्यात कुणाचं तरी रक्त ठेवलेलं असताना आमची ही गाडी कशी हाकायची ते मी बघितलंय. मी दाराची मूठ धरून बसायचो आणि ती म्हणायची, "अहो, मूठ सोडा, तुटेल." ती तुटली. अजून तुटलेलीच आहे.

"वावटळ," मी म्हणालो. मुलीने रजिस्टर जवळ ओढलं आणि कुन्ताचचं पान बराच वेळ बघत बसली.

इथवर सगळं ठीक होतं. इथेच थांबलो असतो तर माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता. पण जिन्यात वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक भेटले. त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला आहे आणि अजून त्यांचा तास संपलेला नाही.

"वावटळ?" ते म्हणाले आणि दोन पायऱ्या खाली उतरले. "अहो, वावटळ हा वाराच नव्हे. वाऱ्याला दिशा असते, ऋतू असतो. तुमचे ते खमसीन, बोरा, यांचं बरोबर आहे. वावटळ म्हणजे जमीन तापली की एका जागी गरगर फिरणारी धूळ. ती कुठे पोचत नाही."

"आमची पोचायची," मी म्हणालो.

"मतलई ठेवा. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. शास्त्रीय आहे."

"मतलबी वाटतं ते."

"लोकांना भूगोल येत नाही हा आपला दोष नव्हे," असं म्हणून ते वर निघून गेले. पुढचे चार दिवस ते मला जिन्यात गाठून वाऱ्यांची नावं सांगत होते. शेवटी मी दूध आणायची वेळ बदलली.

मग रेडियमचं दुकान. गाड्यांवर अक्षरं आणि पट्ट्या चिकटवणारा तो माणूस तोंडात खिळे धरल्यासारखा बोलतो. त्याच्याकडे चकचकीत उठावदार अक्षरांचा एक खोका होता. वा मिळाला. व मिळाला. ट मिळाला. ळ मिळेना.

"ळ येत नाही कंपनीकडून," तो म्हणाला. "कोणी मागत नाही. साहेब, ल लावून टाकू. लांबून कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तुम्ही आतमध्ये बसणार. अक्षरं मागे."

मी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नोंदणी कारकून होतो. लोकांची आडनावं चुकीची लिहू नयेत म्हणून मी साहेबांशी भांडलो आहे. आणि हा मला माझ्या बायकोच्या गाडीवर वावटल लावून फिरायला सांगत होता. मी उठलो. तो म्हणाला, "बसा, बसा, रागावू नका." मग त्याने स्टीलच्या पत्र्यातून ळ कापला. त्याला दोन तास लागले आणि तो बाकीच्या अक्षरांपेक्षा बोटभर मोठा झाला. शिवाय त्या ळसाठी त्याने वेगळा गोंद काढला. "पत्रा जड आहे, साधा गोंद धरणार नाही. हा गोंद सुटला तर मला येऊन सांगा."

तो सुटला नाही, हे मला त्याला जाऊन सांगायचं आहे. पण ते पुढे.

गाडी आवारात आली. मागून बघितलं. वा, व, ट नीट ओळीत आणि शेवटी धिप्पाड ळ. मला फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं की माणूस चुका करतो. मी वर आलो, कागद घेतला आणि अर्ज लिहिला.

हे मी कशासाठी केलं, असं मुलीने मला नंतर सात वेळा विचारलं. सवय. चौतीस वर्षं ज्या माणसाने नळाला नवीन तोटी बसवली तरी लेखी कळवा असं लोकांना सांगितलं, त्याला आवारातल्या गाडीवर अक्षरं लावून गप्प बसवत नाही. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना लिहिलं: "वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की आमच्या वाहनाच्या मागील बाजूस 'वावटळ' हे नाव लावण्यात आले असून, सदर बदलाची पार्किंगच्या नोंदवहीत दखल घ्यावी. सोबत वाहनाच्या नोंदणीपत्राची प्रत." दोन प्रती काढल्या. एका प्रतीवर पोच घेतली.

कोणी मागितली नव्हती ती प्रत. मी स्वतः, माझ्या हाताने, टाचणी लावून जोडली.

सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. केसांचा तो लाल रंग सोडला तर माणूस वाईट नाही. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता.

"अहो, हे नोंदणीपत्र वहिनींच्या नावावर आहे."

"हो."

"पण वहिनी तर..."

"हो."

ते थोडा वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "नियम आहे हो. आवारात सभासदाच्या नावावरचीच गाडी ठेवता येते. सभासद आता तुम्ही. गाडी तुमच्या नावावर करावी लागेल, नाहीतर बाहेर काढावी लागेल."

"चौदा महिने उभी आहे. तेव्हा चालत होती?"

"तेव्हा मला लेखी माहीत नव्हतं! दिसत होतं, पण दिसण्याला काय अर्थ आहे? तुम्ही तर रीतसर कळवलंत. आता त्याला आवक क्रमांक पडला. क्रमांक पडलेला कागद मी खाऊ का?"

हेच वाक्य मी आयुष्यात शेकडो लोकांना ऐकवलेलं आहे. फक्त समोरच्याला कसं वाटतं ते माहीत नव्हतं.

तीन दिवसांनी नोटीस आली. तीस दिवसांत वाहन स्वतःच्या नावे करून घ्यावे अथवा आवाराबाहेर हलवावे. बाहेर हलवायचं म्हणजे रस्त्यावर. आमच्या रस्त्यावर चार दिवस गाडी हलली नाही की ती उचलून नेतात. म्हणजे हिशेब सरळ होता. कागदावर तिचं नाव ठेवायचं तर गाडी जाणार. गाडी ठेवायची तर नाव जाणार. आणि हे सगळं का, तर मी तिच्या गाडीला नाव ठेवायला गेलो म्हणून.

मुलगी आली तेव्हा मी नोटीस तिच्या हातात दिली.

"अर्ज कुणी मागितला होता?"

"कुणी नाही."

"मग दिलात कशाला?"

"प्रत जोडली नसती तर अपूर्ण ठरला असता."

ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मी पाणी आणून दिलं. मग ती म्हणाली, "बाबा, करा सही. आई काय त्या कागदात आहे का?" मी म्हणालो, "तसं बघायला गेलं तर ती कुठेच नाही. म्हणून जिथे लिहिलेली आहे तिथे राहू दे." ती जाताना किल्ली टेबलावर ठेवायला विसरली आणि दारातून परत आली.

पंचवीस दिवस मी काही केलं नाही. प्राध्यापकांनी सुचवलं की नोटिशीला उत्तर द्यावं आणि उत्तराचं उत्तर येईपर्यंत वर्ष जाईल. रेडियमवाला म्हणाला, गाडीवर कापड टाका, दिसणारच नाही. सेक्रेटरी स्वतः येऊन म्हणाले, "मी काही बोललोय असं समजू नका, पण तुमचा अर्ज हरवला तर? मी शोधणार नाही." मी म्हणालो, "माझ्याकडे पोच आहे." ते कपाळाला हात लावून निघून गेले. आज वाटतं, तेव्हा गप्प राहायला हवं होतं. पण रेकॉर्ड हरवायची सूचना मला कोणी केली की माझं डोकं फिरतं.

सव्विसाव्या दिवशी मी वाहन नोंदणीच्या कचेरीत गेलो. सही करायला नाही, फक्त चौकशीला, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

तीन नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांच्यासमोर फाइलींचा ढीग, आणि ढिगावर त्यांचा चष्म्याचा डबा.

"मालकांना घेऊन या," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"त्या येऊ शकत नाहीत."

"आजारी असतील तर पत्र आणा."

"पत्रही देऊ शकत नाहीत."

त्यांनी मान वर केली. "अच्छा. मग हस्तांतरण. सात नंबरवरून फॉर्म घ्या, मृत्यूचा दाखला जोडा, गाडी तपासून घ्या, मग इकडे या."

"मीही चौतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला होतो," मी म्हणालो. मला काय अपेक्षा होती कोण जाणे. निदान एक खुर्ची.

"मग काका, तुम्हाला माहीतच असेल. आज होणार नाही."

सात नंबरला फॉर्म मिळाला. तिथल्या माणसाने माझ्या फोनवर गाडीचा फोटो बघितला आणि म्हणाला, "हे मागे काय लिहिलंय? तपासणीला गाडी नोंदीप्रमाणे पाहिजे. जादा अक्षरं काढून आणा."

म्हणजे आता तिचं नाव तर जाणारच होतं, वर गाडीचंही.

अक्षरं काढायचा कार्यक्रम आवारात झाला. मुलीने केस वाळवायचं यंत्र आणलं. प्राध्यापकांनी उष्णतेने धातू कसा प्रसरण पावतो ते सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले की जाड दोरा अक्षराच्या मागून करवतीसारखा ओढावा. त्यांनी तो स्वतः ओढला. वा निघाला. त्याच्याबरोबर तळहाताएवढा रंगही निघाला. व निघाला, त्याने रंगाचा कोपरा नेला. ट अर्धा निघाला आणि मग पूर्ण. ळ निघेना. गरम करून झालं, दोरा ओढून झाला, रॉकेल लावून झालं. दोरा दोनदा तुटला. सेक्रेटरींनी बाही वर करून शेवटचा जोर लावला आणि ते मागच्या मागे कुंडीत बसले.

"वहिनींची गाडी," कुंडीतून उठत ते म्हणाले. "ऐकायची नाही."

मी त्यांना हात दिला. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या केसांचा रंगही चालला असता.

तपासणीला गाडी गेली ती अशी: मागे रंगाची सालं निघालेली, आणि मधोमधही नाही, पार कडेला, एकटा ळ. मुलीने गाडी आखलेल्या चौकोनात उभी केली. तपासनीस एक उंच, कंटाळलेला माणूस होता. त्याने पुढून बघितलं, इंजिनावरचा नंबर उतरवला, मागे आला आणि थांबला.

"हे काय?"

"ळ," मी म्हणालो.

"ते वाचता येतं मला. इथे कशाला?"

"निघत नाही."

त्याने नखाने खरवडून बघितला. मग खिशातली किल्ली लावून बघितली. मग पाय रोवून दोन्ही हातांनी ओढला. मुलगी तोंड फिरवून उभी राहिली. शेवटी त्याने शर्ट सारखा केला आणि फॉर्मवर लिहिलं: "मागील बाजूस एक अक्षर. आक्षेप नाही."

ही नोंद मी आयुष्यभर जपून ठेवीन. चौतीस वर्षांत इतकी समंजस नोंद मी वाचलेली नाही.

मग पुन्हा तीन नंबर. मुलगी गाडीपाशी थांबली. रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं होती. हातात फॉर्म होता. सगळं भरलेलं होतं, दाखला जोडलेला होता, फक्त सहीची जागा मोकळी होती. पेन खिशात होतं. प्रत्येक माणूस पुढे सरकला की मी ठरवायचो की आपला नंबर आला की कागद घडी करून निघून जायचं. गाडी रस्त्यावर ठेवू. उचलून नेली तर नेली. निदान तिची म्हणून नेतील.

नंबर आला. बाईंनी कागद घेतला, उलटला, सुलटला.

"सही नाहीये."

"एक विचारायचं होतं. मी सही केली की त्यांच्या नावावर रेघ मारता का?"

"कुठे?"

"मूळ कागदावर."

"रेघ कशाला मारू? सरकारी कागद आहे." त्यांनी मागच्या कपाटातून एक जुनी फाइल ओढली, धूळ झटकली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. "हे बघा. हा पहिला अर्ज. याच्यावर तुमचा लागणार. खालचा खालीच राहतो. मालक क्रमांक एक त्या, क्रमांक दोन तुम्ही. उद्या तुम्ही गाडी दिलीत तर घेणारा तिसरा. एक नंबर परत कुणाला मिळत नाही."

मी फाइल बघत होतो. अर्ज हिच्या अक्षरात होता. गाडी घेतली तेव्हा ती एकटीच इथे आली होती. मी कामाचं निमित्त सांगितलं होतं, कारण मला कचेऱ्यांमध्ये रांगेत उभं राहायचा कंटाळा होता. नाव, पत्ता, सगळं तिच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात. खाली एक रकाना होता: वाहनाचा उपयोग. तिथे लोक दोनच शब्द लिहितात, खासगी किंवा धंद्यासाठी. तिने लिहिलं होतं: "खासगी. प्रयोगशाळेचे काम. तसेच नवऱ्याला वेळेत पोचवणे."

तसेच. सरकारी अर्जात तसेच! आणि कुणीतरी ते मंजूर करून वर शिक्का मारला होता.

मी त्या दिवशी कामाचं निमित्त सांगायला नको होतं.

"काका, बसता का जरा?" बाई म्हणाल्या.

"नको. पेन आहे माझ्याकडे."

मी सही केली. माझी सही चांगली आहे. त्या दिवशी ती नीट आली नाही, पण बाईंनी चालवून घेतली. त्यांनी माझा अर्ज तिच्या अर्जावर ठेवला, दोन्ही कडा जुळवल्या आणि टाचायच्या आधी पुन्हा एकदा नजर फिरवली.

"उपयोगाचा रकाना सोडलात."

मी कागद परत घेतला आणि लिहिलं: "पूर्वीप्रमाणे."

त्यांनी वरचा कागद उचलून खालचा वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"पूर्वीप्रमाणे कसं? इथे तर नवऱ्याला पोचवणे लिहिलंय."

"मग? नवरा आहे की अजून."

त्यांनी शिक्का उचलला, शाईत दोनदा दाबला आणि कागदावर मारला.

मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, झालं असेल तर सरका की पुढे."